आखाजीला आलेलं मशीन

१३ एप्रिल, रविवार

मुंबईला धुवायला पाठवलेला रोल आज परत आला. पाच आठवड्यांनी. आल्या आल्या फ्रेम मोजल्या. काढले छत्तीस, आले चौतीस. मधल्या पट्टीवर लांबलचक ओरखडा. फोन लावला तर तिकडची मुलगी गोड आवाजात, "मॅडम, तुमच्या कॅमेऱ्याचंच बघून घ्या एकदा." बत्तीस वर्षं कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये हेच ऐकत आले. पोरांच्या हातून ब्युरेट फुटली की दोष ब्युरेटचा.

गेलेल्या दोनांत धरणगावच्या जिनिंगमधला फोटो होता. कापसाच्या ढिगाला टेकून डबा खाणाऱ्या बायका. नेमका तोच कसा गेला? कुणी ठेवून घेतला? कुणी कशाला घेईल, हेही कळतं. तरी.

ठरलं. यापुढे रोल घरी धुवायचे. ह्यांना सांगितलं. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "रिटायर होऊन तीन महिने झाले नाहीत, पुन्हा लॅब काढतेस का?"

१५ एप्रिल, मंगळवार

टँक, म्हणजे फिल्म धुवायचा उजेडबंद डबा, कोणता घ्यावा, दोन दिवस हाच अभ्यास.

स्टीलचा: जन्मभर टिकतो म्हणतात. म्हणणारा तोच विकणारा. फिल्म अंधारात, जरा वाकवून, रिळावर मधून बाहेर गुंडाळायची. एक वेढा दुसऱ्याला चिकटला की तेवढा फोटो गेला. शिवाय स्टील बाहेरची उष्णता लगेच आत घेतं, आणि जळगावात एप्रिलमध्ये बाहेर दुसरं आहे काय?

प्लॅस्टिकचा: रीळ दोन्ही हातांत धरून पुढेमागे फिरवलं की फिल्म आपोआप आत ओढली जाते. पण रीळ जरा जरी ओलं असेल तर अडते. घामेजलेलं एक बोट पुरतं.

फिरतं मशीन: टँक आडवा ठेवायचा, मोटर तो फिरवत राहते, खाली कोमट पाण्याचा टब. केमिकल निम्म्यावर भागतं. रंगीत रोलला ३८ अंश लागतात, अर्धा अंश इकडेतिकडे खपत नाही, म्हणून हे मशीन. किंमत वाचून वही मिटली.

एक व्हिडिओ पाहिला. गृहस्थ तिन्ही प्रकारांना 'उत्तम' म्हणतो. तिन्ही उत्तम कसे असतील? तिन्ही त्याच्याच दुकानात असतील.

१७ एप्रिल, गुरुवार

नानाचा फोन. धुळ्याहून. नाना म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ, पण दिवाळी सोडली तर काम असल्याशिवाय फोन करणारा माणूस नाही.

"कुसुम, तू घरमाच रोल धोवाले लागनी म्हने?"

कुणी सांगितलं? ह्यांनीच. विचारल्यावर कबूल झाले.

मग म्हणाला, "बाबासनं फिरतं मशीन शे ना मनाजोडे. आखाजीले ये, लई जाय."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, येऊन घेऊन जाईन म्हटलं, फोन ठेवला आणि मग विचार करत बसले. सात वर्षांपूर्वी बाबांचा फोटो स्टुडिओ बंद केला तेव्हा ह्याच नानाने सांगितलं होतं, मशीन भंगारात दिलं. मला तेव्हा वाईट वाटलं होतं म्हणून पक्कं लक्षात आहे. भंगारात गेलेलं मशीन परत कसं आलं?

आणि आत्ताच का? फेब्रुवारीत तो घरी येऊन गेला. हातात हक्कसोडीचा कागद. बाबांचं घर (खाली स्टुडिओ, वर राहायला) पाडून नवं बांधायचंय, बँकेला माझी सही हवी की घरावर माझा काही हक्क नाही. "सगळ्या बहिनी करी देतस," म्हणाला. मी म्हटलं, विचार करते. त्यानंतर दोन महिने फोन नाही. आणि आज एकदम मशीन.

१८ एप्रिल, शुक्रवार

हे: "देतोय तर घे की. सहीचा आणि मशीनचा काय संबंध?"

मी: "तुम्हाला नाना कळायचा नाही."

हे: "साठ वर्षांत तुला कळलाय?"

अठ्ठावन्न.

२४ एप्रिल, गुरुवार

मशीन मिळो न मिळो, टँक लागणारच. प्लॅस्टिकचा मागवला होता, आला. खोक्याची चिकटपट्टी दोनदा लावलेली. म्हणजे आधी कुणीतरी उघडून परत पाठवलाय. आतलं रीळ भिंगाखाली धरलं. ओरखडे नाहीत. तरी पुरावा म्हणून खोक्याचा फोटो काढून ठेवला.

खराब झालेल्या जुन्या रोलवर सराव. आधी उजेडात, मग डोळे मिटून, मग उजेड न शिरणाऱ्या, बाह्या असलेल्या काळ्या पिशवीत हात घालून. पिशवीत तीन मिनिटांत हात घामाने चिंब. फिल्म अर्ध्यावर अडली. ही पिशवी ज्या देशात शिवली तिथे उन्हाळा नसावा. आमच्याकडे बाथरूमच बरी, खिडकीला काळा कागद लावून.

३० एप्रिल, बुधवार. धुळे. आखाजी

सकाळी घागर भरली. घागरीवर छोटं भांडं, त्यावर आंबा. बाबांच्या नावाने निवद. वहिनीच्या सांजोऱ्या पहिल्यासारख्याच, कडेला एकही फुटलेली नाही. जेवताना नाना दोनदा म्हणाला, "रस ले ना." दुसऱ्यांदा वाढला तेव्हा मनात म्हटलं, आता काढतोय कागद. नाही काढला.

जेवणानंतर गल्लीत पत्ते. आखाजीला पत्त्यांवरून कुणी कुणाला रागवत नाही, म्हातारेकोतारेही बसतात. नाना भिंतीला टेकून बसला, दिवसभर माझ्याकडे बघितलं नाही. मी कॅमेरा घेऊन फिरले. मागच्या वाड्यातल्या कडुलिंबावर झोका बांधलेला, माहेरी आलेल्या पोरी उभ्यानं झोके घेत होत्या, गाणी म्हणत. शेवटी पत्त्यांचा अड्डाही दोनचार वेळा टिपला. आख्खा रंगीत रोल संपवला. एका वर्षात काढलेला सगळ्यात चांगला रोल हाच असणार. हा मुंबईला जाणार नाही.

दुपारी स्टुडिओत मशीन बघितलं. चादरीखाली. पुसून लख्ख. बाबांच्या मशीनच्या टबाचा डावा कोपरा वितळलेला होता, डासांची अगरबत्ती पडून. मी बारा वर्षांची असेन, बाबा किती ओरडले होते नानावर! आज डावा कोपरा पाहिला. सरळ. उजवाही पाहिला. सरळ.

टँक नाहीच सोबत. का नाही, ते विचारलं नाही. चादर परत घातली.

संध्याकाळी वहिनीने ओटी भरली, साडी दिली. सबंध दिवसात कागदाचं नाव कुणी काढलं नाही. मला तेच जास्त लागलं. सही मागितली असती तर नाही म्हणता आलं असतं.

१ मे, गुरुवार

मशीन गोधडीत गुंडाळून एसटीने आणलं. नाना स्टँडवर आला होता, खिडकीतून सीटवर ठेवून दिलं, "पारोळापर्यंत धरी ठेव, रस्ता खराब शे." कंडक्टरने गोधडीवर हात ठेवून विचारलं, "जिवंत शे का काही ह्यामा?"

पारोळ्यापर्यंत धरून होते. नंतरही.

३ मे, शनिवार

सलीमभाई येऊन गेले. गल्लीच्या तोंडाशी मिक्सर-पंख्यांची दुरुस्ती करतात, माणूस कमी बोलणारा, म्हणून मला चालतो. मशीन उलटं करून खालची पट्टी उघडली.

बेल्ट नवा. वायरिंग नवं. सोल्डरचे डाग दिलेल्या जागा अजून चमकतात. सलीमभाई म्हणाले, "बाई, ज्याने केलं ना हे काम, दिल लावून केलं. दुकानात एवढं कुणी नाही करत."

मोटरखाली धक्का बसू नये म्हणून वर्तमानपत्राची घडी घातलेली. चाळीसगावच्या दुकानांच्या जाहिराती, तारीख गेल्या सप्टेंबरची.

म्हणजे: मशीन बाबांचं नाही. चाळीसगावहून आणलेलं, दुसऱ्याचं. नानाने ते कुठूनतरी घेतलं, दुरुस्त केलं आणि बाबांचं म्हणून माझ्या हातात दिलं.

सप्टेंबर म्हणजे कागदाच्या आधी पाच महिने. म्हणजे सहीसाठी नाही? पण रद्दी जुनीच असते. आज मोटरखाली घालायला मी घेतली तर माझ्या घरातली रद्दीही मागच्या वर्षीची निघेल.

सलीमभाईंना दाखवलं तर म्हणाले, "बाई, बेल्ट अच्छा है ना? मग झालं."

६ मे, मंगळवार

दुपारी मशीनची परीक्षा घेतली. टबात पाणी भरलं, काटा ३८ वर, वीस मिनिटं थांबले. लॅबचा जुना थर्मामीटर लावला. ४३! पुन्हा वीस मिनिटं. ४३. नवा बेल्ट, नवं वायरिंग, आणि मुख्य भागच बिघडलेला. ह्यात माझा आखाजीचा रोल घातला असता तर शिजला असता.

डोकं फिरलं. फोन लावला. काय काय बोलले ते लिहायला नको, पण लिहिते, कारण मीच बोलले आहे. "भंगार दिलंस. वर बाबांचं नाव लावलंस. एका सहीसाठी एवढं नाटक? सरळ मागितली असतीस तर कदाचित दिलीही असती."

तो म्हणाला, "कुसुम, टाकीमानं पानी हात लाईसन देखं का?" आणि फोन ठेवला.

६ मे, संध्याकाळी

बघितलं. गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळातून सरळ थर्मामीटरवर. ४३.

मशीनने पाणी तापवलंच नव्हतं. तापवायचा दिवा एकदाही लागला नव्हता. मी तो बघितलाच नाही. उन्हाने तापलेलं पाणी भरून, ते तापलंय म्हणून मशीनला नावं ठेवली. बत्तीस वर्षं प्रॅक्टिकलला पोरांना सांगत आले, सुरुवातीचं तपमान आधी लिहा. आणि...

हे हसून हसून बेजार. "मे महिन्यात जळगावला पाणी तापवायचं मशीन आणलं हिने!"

मला हसू आलं नाही. खूप लाज वाटली, अजून वाटते.

७ मे, बुधवार

फोन केला नाही. पाण्याबद्दल चुकले, कोपऱ्याबद्दल नाही.

९ मे, शुक्रवार

वहिनीचा फोन. हळू आवाजात, बहुतेक नाना वरच्या मजल्यावर असणार.

"तुम्ही काय बोलनात त्यास्ले? दोन रोजपासून धड जेवत नहीत."

मग तिनेच सांगितलं. गेल्या गणपतीत चाळीसगावच्या एका बंद झालेल्या स्टुडिओतून नानाने मशीन आणलं. दिवाळीनंतर सबंध हिवाळा मागच्या खोलीत पुसत, उघडत, जोडत बसला होता. कशासाठी ते वहिनीला सांगितलं नाही. "आते कळनं कोनाकरता ते."

वहिनीने मला कधी खोटं सांगितल्याचं आठवत नाही. पण काय सांगायचं ते नानाने तिला पढवलं असेल तर? हे लिहिताना माझं मलाच कसंतरी झालं. तीस वर्षं ती माझी ओटी भरतेय.

आणि खरं असेल, तरी बाबांचं नाव का घेतलं?

११ मे, रविवार

सकाळी सहाला प्रयोग. आखाजीचा रोल नाही, मुद्दाम काढलेला फालतू कृष्णधवल रोल, फाटकाचे नि कुंड्यांचे फोटो. टाकीचं नाही, रात्रभर माठात ठेवलेलं पाणी. शेवटच्या विसळण्याला विकतच्या जारचं, आमच्या बोअरच्या पाण्याने फिल्मवर पांढरे डाग राहतात.

शिकलेलं:

एक. टँकमध्ये केमिकल कमी असेल तर तो टबात तरंगतो आणि मशीन नुसतं घरघरतं. थोडं जास्त घालायचं.

दोन. स्टीलचा टँक घेतला नाही ते बरं केलं. एका मैत्रिणीचा आणून पाण्याने भरून आडवा फिरवला. झाकणातून धार. प्लॅस्टिकचा फिरकीच्या झाकणाचा गळत नाही. खोक्यावरचा माझा संशय चुकीचा निघाला.

तीन. बाथरूमची कडी झिजलीय, दार आपोआप बोटभर उघडतं. म्हणून ह्यांना बाहेर दार धरून उभं केलं. फिल्म उघडी, मी काळोखात, रिळाचं तोंड शोधतेय, आणि दार उघडलं.

"साखर कुठे ठेवलीस गं?"

एका बाजूचे सगळे फोटो काळे. फालतू रोल होता म्हणून गृहस्थ वाचले.

१२ मे, सोमवार

दुसरी कडी बसवता येईल. पण सुतार म्हणतो चौकटच फुगलीय, सगळी काढावी लागेल, पंधरा दिवस. तोवर आखाजीचा रोल तसाच. फोटो काढून झालेला, न धुतलेला रोल उष्णतेने खराब होतो. फ्रिजमध्ये कोथिंबिरीशेजारी ठेवलाय. हे दोनदा विचारून झाले, "हे खायचं आहे का?"

दार धरायला माणूस हवा. ज्याला माहीत आहे की आत फिल्म उघडी असताना दार उघडायचं नसतं, घराला आग लागली तरी.

असा माणूस मला एकच माहीत आहे.

१४ मे, बुधवार

शेवटी फोन केला. माफी मागितली नाही. मागायची होती, तोंडात आली नाही. म्हटलं, "नाना, आखाजीचा रोल धोवाना शे. येशी का?"

पलीकडे वहिनी भांडी घासत असल्याचा आवाज. मग, "रविवारले येस."

हे म्हणतात, "बघ, येतो म्हणाला की नाही!" मी म्हटलं, बघूया कागद घेऊन येतो की नाही.

१८ मे, रविवार

पहिल्या गाडीने आला. साडेआठला दारात. हातात वहिनीने दिलेल्या कैऱ्या. सदऱ्याच्या खिशात घडी घातलेला कागद, वरून दिसेलसा. मला दिसला. मला दिसला हे त्यालाही दिसलं.

चहा झाला. मशीनला हात लावला नाही, फक्त वाकून बेल्टचा आवाज ऐकला.

मी बाथरूममध्ये गेले. त्याने बाहेरून दार ओढून धरलं. संपूर्ण काळोख. एक रेघ नाही उजेडाची.

धुळ्याच्या स्टुडिओतही काळी खोली होती. आत बाबा आणि नाना. बाहेर मी, फ्रॉकमध्ये, दार धरून. नंतर गच्चीवर फोटो पाण्यात खळबळायला मीच. पाण्यात हात चालायचे, काळोखात नाही. पोरींचं काम नाही ते, बाबा म्हणायचे. लग्न होऊन गेले तरी त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. आज ते आठवलं. फिल्मचं टोक रिळात जाईना.

विचारलं. काळोखात होते म्हणूनच विचारता आलं असेल. "मशीन बाबासनं नही ना?"

दारापलीकडून: "नही."

"मंग खोटं काब्र बोलना?"

"बाबासनं सांगं म्हनीसन तू लिन्हं. मनं सांगतु तं लेती का?"

खरं उत्तर होतं: नाही. घेतलं नसतं. आणि ते त्याला माहीत होतं. मला एवढं वाईट कधी वाटलं असेल, आठवत नाही. दाराच्या ह्या बाजूला मी फिल्म धरून उभी. 

"फिल्म अडकनी का?" तो म्हणाला.

"हो."

"खाली ठेव. हात पुस. मंग धर. घाई नही."

खाली ठेवली. हात पुसले. पुन्हा धरली. गेली.

मग सगळं त्याने सांगितलं आणि मी केलं. माठाचं पाणी बत्तिसाच्या आसपास, आज पहिल्यांदा मशीनचा तापवायचा दिवा लागला. अडतीस होईपर्यंत दोघं टबाकडे बघत. डेव्हलपर सव्वातीन मिनिटं, तो घड्याळ धरून मोठ्याने सेकंद मोजत होता, बाबांसारखा, दर दहाला थांबून. मी ओतलं. मी ओतलं, हे पुन्हा लिहिते.

शेवटचं विसळणं झालं, रीळ उघडलं, फिल्म दोरीला लावली. झोक्यावरच्या पोरी उलट्या रंगात, आकाश नारिंगी. नाना खिडकीशी धरून एकेक फ्रेम बघत राहिला. "ब्येस उनात." छान आलेत, एवढंच.

जेवला. चारच्या गाडीने गेला. कागद काढला नाही. खिशातच राहिला दिवसभर, घामाने त्याची एक कड ओली झालेली.

हे म्हणाले, "सहीचं बोलला?" मी म्हटलं, नाही. "मग?" मग काय, काहीच नाही.

१९ मे, सोमवार

फिल्म वाळली. कापली, मोजली. छत्तीस काढले, छत्तीस आले.

एकतिसावी फ्रेम भिंगाखाली. पत्त्यांचा अड्डा. सगळे हातातल्या पानांकडे बघताहेत, नाना सरळ कॅमेऱ्याकडे. म्हणजे माझ्याकडे. बत्तिसावी, तेच. तेहतिसावीतही.

सहीच्या विचारात असेल. किंवा कॅमेरा बघत असेल, त्याचाच जुना आहे. तीनतीनदा?

२१ मे, बुधवार

ह्यांनी जेवताना विचारलं, "तू नक्की काय ठरवलंयस? घर हवंय का तुला?"

घर नको. मी धुळ्याला जाऊन काय करणार त्या घराचं! त्याने राबून स्टुडिओ चालवला, बाबांचं शेवटचं सगळं त्याने नि वहिनीने केलं. सगळं खरं आहे. पण नको म्हणायला ते आधी माझं असायला हवं ना? जे कधी माझं धरलंच नाही ते सोडून देते, असं कसं लिहून देऊ?

ह्यांनी हातातला घास खाली ठेवला. म्हणाले, "हे नानाला सांगितलंस का?"

नाही सांगितलं.

२२ मे, गुरुवार

सांगितलं. फोनवर. एका दमात, नाहीतर झालं नसतं. सहा तारखेला फोनवर जे भलतंसलतं बोलले त्याची माफीही त्यातच मागून घेतली.

"बरं," म्हणाला. नुसतं बरं. बरं म्हणजे काय? समजलं म्हणून बरं, की पुरे आता म्हणून बरं?

२४ मे, शनिवार

दुसरा रोल धुतला. दार ह्यांनी धरलं. साखरेचा डबा आधीच ओट्यावर काढून ठेवला होता. मशीन नीट चाललं. टँकचा प्रश्न संपला, दुसरा घेत नाही. डोकं मात्र धुळ्यातच.

२६ मे, सोमवार

नानाचा फोन, सकाळी सातला.

"कुसुम, पुढला सोमवारले रजिस्ट्रार ऑफिसमा नंबर लायेल शे. येशी का?"

विचारलं, तोच कागद का.

"कागद बदली टाका शे."

"काय बदलं?"

"फोनवर नही सांगस. ये, आपला हातमा धरीसन वाची ले. मंग काय करानं ते तू ठरव."

फोनवर का नाही सांगत? चांगलं असेल तर सांगायला काय हरकत? वाईट असेल तर बोलावतो कशाला? वकिलाला दाखवून घेऊ का आधी? हे म्हणतात, आतातरी पुरे कर. मी म्हटलं, वाचल्याशिवाय पेन उघडणार नाही, एक ओळ सोडणार नाही. "मग वाच ना," म्हणाले, "तो तरी दुसरं काय म्हणतोय?"

येते म्हटलं नानाला. सही करते असं म्हटलेलं नाही. त्यानेही विचारलं नाही. फोन ठेवता ठेवता एवढंच म्हणाला, "पहाटनी गाडी धर. नंतर ऊन लागी."

मला गाफील ठेवायला गोड बोलतोय का, हे मनात आलंच. लाज वाटली, तरी आलं. पहाटेची गाडी पावणेसहाला आहे.